कार्डांच्या मागची बाजू

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांनी पत्र, त्यात माझ्या तब्येतीची चौकशी दीड ओळ आणि बाकी सगळं कार्डांच्या खोक्यांबद्दल. कोशाची दुसरी आवृत्ती निघतेय, प्रकाशकाला जुनी कार्डं पडताळायचीत, ताबडतोब पाठव. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. पुन्हा गरज पडली तेव्हा वैद्याचा पत्ता बरोबर सापडला तुला.

खोकी कालपर्यंत माझ्याकडेच होती, सातही. इंग्रजी जोडशब्द आणि वाक्प्रचारांचा आपला कोश अकरा वर्षं त्यांत वाढला. तू टेबलाशी बसून कार्डावर शब्द लिहायचास, मी ते पर्समध्ये घालून ज्याचं काम त्याच्याकडे जायचे. नियम तुझाच: त्या कामातल्या माणसाने आपल्या तोंडाने सांगितल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही. पाळायचे मात्र मी. 'वॉटर हॅमर'ला तू 'पाण्याचा हातोडा' लिहून मोकळा झालास. प्लंबरला दाखवलं, तर तो पाना खाली ठेवून हसत सुटला. नळ एकदम बंद केला की पाइप दणकतो, तो दणका, म्हणाला. 'ड्राय रॉट' सुताराने चौकटीत स्क्रूड्रायव्हर खुपसून दाखवला: वरून धड, आतून भुसा. संध्याकाळी मी हे सांगायचे आणि तू मांडीवर थाप मारून हसायचास. चांगले दिवस होते ते, खोटं कशाला बोलू.

मग आई पडली आणि माझ्याकडे आली. तुझी जागा लहान, वहिनीची नोकरी, तुझा कोश. नोकरी मलाही होती, ती सुटली. तू दर आठवड्याला पोस्टाने कार्डं पाठवत राहिलास, आणि त्यात एकदा 'बेडसोअर' आलं. दादा, त्या कार्डासाठी मला कुणाकडे जावं लागलं नाही. शेजारच्या खोलीत आईच्या पाठीवर ते दोन होते, एकात माझं बोट जाईल एवढं खोल. मी ड्रेसिंग बदललं, हात धुतले आणि लिहिलं: 'एकाच कुशीवर फार दिवस पडून राहिल्याने, कूस बदलायला माणूस कमी पडल्याने होणारी जखम.' तू ते जसंच्या तसं छापलंस. एका परीक्षणात त्याच अर्थाचं कौतुक आलं, तर त्याचं कात्रणही मला पाठवलंस. आईला बघायला मात्र दोनदाच आलास, दोन्ही वेळा चहा निवायच्या आत उठलास.

मुखपृष्ठावर तुझं एकट्याचं नाव. शेवटच्या पानावर टंकलेखनाला मदत केल्याबद्दल धाकट्या बहिणीचे आभार. मला टाइप करता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तेव्हा भांडले नाही, कारण आई होती. कोश दोघांचा आहे, असंच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पुस्तक कधी दाखवतेस म्हणून विचारायची, आणि मी म्हणायचे, अजून बाइंडिंगला आहे. ते न बघताच ती गेली. याचा राग मला तुझा जेवढा आहे, तेवढाच माझाही आहे.

तर कार्डं तुला मिळणार नाहीत. काल टॅक्सीत घालून सातही खोकी मी स्वतः प्रकाशकाकडे नेली. त्याने चार-पाचशे कार्डं उलटून पाहिली. पुढे तुझं अक्षर, मागे माझं, खाली ज्याने अर्थ सांगितला त्याचं नाव आणि काम.  मग त्याने सोमवारी अकरा वाजता आपल्या दोघांना बोलावलंय, मुखपृष्ठावर कुणाची नावं घालायची ते ठरवायला. बहिणीने पाठीमागून दगा दिला असं तू म्हणू नयेस, म्हणून हे आधी कळवतेय. ये किंवा येऊ नकोस, मी जाणार आहे. तुझ्या पत्रात 'तुझंही नाव घालू' एवढे तीन शब्द असते ना दादा, तर ही खोकी मी डोक्यावरून तुझ्या दारात आणून ठेवली असती, आणि वर तुझेच आभार मानले असते.

अजूनही तुझीच,
ठमी