नऊपैकी नऊ

कसबा बावडा, कोल्हापूर
७ जून २०२५

प्रिय केतन,

हे पत्र गाडीबद्दल आहे. म्हणून आईचं पत्र आलंय म्हटल्यावर घडी घालून फ्रिजवर ठेवू नकोस, आत्ताच वाच.

एप्रिलमध्ये निशिगंधाचा फोन आला होता. धारवाडात तुमच्या ओळखीचं कुणीतरी आपल्यासारखीच व्हॅन विकतंय, तिच्या पाळणाघरातल्या मुलांची ने-आण करायला ती घ्यावी का, हे मॉडेल आरटीओच्या दरवर्षीच्या पासिंगला नडतं का, असं तिनं विचारलं. "हे म्हणाले, आईंना विचार, त्यांच्याकडे वही आहे." सहा वर्षांत तू मला एक प्रश्न विचारलास, तो बायकोच्या तोंडून आणि तोही टायर-ब्रेकचा. मी चिडले होते, तरी उत्तर चोख दिलं. म्हटलं, नऊ वेळा पासिंग झालं, नऊही वेळा पहिल्या फेरीत पास, डोळे झाकून घ्या. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग "बरं, सांगते त्यांना" म्हणाली आणि फोन ठेवला.

ते उत्तर चुकीचं होतं. गाडी घेतली नसेल तर घेऊ नका. घेतली असेल तर हे पत्र वाचून होईपर्यंत तिच्यात एकही मूल बसवू नका. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला "हं, आण्णांना दे" एवढंच म्हणतोस, आणि मलाही सगळं क्रमानं सांगायचं आहे.

ती वही तुला आठवत असेलच. खाकी पुठ्ठ्याची, पेन्सिलीनं रकाने आखलेली. आपण २०१५ साली शाळेच्या मुलांची ने-आण करायला ही दोन वर्षं वापरलेली व्हॅन घेतली तेव्हापासून मी ती ठेवली. तारीख, टायर, ब्रेक, हँडब्रेक, दिवे, निकाल. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्या बाईनं निदान एवढं तरी करावं. कोरोनात पासिंग पुढं गेलं तो काळ सोडला तर एकही मे महिना चुकला नाही. गल्लीत, शाळेत, जैन मंदिरात कुणीही जुनी गाडी घ्यायची म्हटली की मी वही काढायची. माझ्या शब्दावर निदान चार घरांत हे मॉडेल आलं असेल. बाहेरही तेच बोललं जायचं, की ही व्हॅन पासिंगला कधी नडत नाही. मी कधी ऐकीव बोलत नाही, माझ्याकडे आकडे होते.

यंदा आण्णांचा गुडघा बदलला. मेच्या पंधरा तारखेला ऑपरेशन आणि बावीस तारखेला पासिंग. गाडी पुढच्या आठवड्यात नेऊ, मी उठतो की, असं ते पलंगावरून चार वेळा म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या गुडघ्यावर पासिंग अडलेलं नाही, मी जाते. आकाराम गाडी चालवतो हल्ली, तुला माहीत आहे. सकाळी गाडीत बसल्यावर तो किल्ली हातात खेळवत म्हणाला, "काकू, आधी उचगावला जाऊन यायचं काय?" मी म्हटलं, पासिंग आरटीओत होतं, उचगावला नाही. "न्हाय, मालक दरवर्षी तिकडनंच जात्यात, म्हणून म्हटलं." मालकांना पिराजीच्या गॅरेजात चहा प्यायची सवय आहे, मला नाही, गाडी सरळ घे, असं मी सांगितलं. त्यानं गाडी सरळ घेतली.

गाडी नापास झाली. मागचे दोन टायर गुळगुळीत, ब्रेक एका बाजूला ओढतो, हँडब्रेक चढावर गाडी धरत नाही. तपासणारा तुझ्याच वयाचा असेल. मी त्याच्यापुढं वही उघडली आणि नऊ वर्षांचे निकाल बोट ठेवून वाचून दाखवले. तुमचंच काहीतरी चुकतंय, पुन्हा बघा, असंही म्हटलं. त्यानं ऐकून घेतलं, पुन्हा बघितलं, आणि शांतपणे म्हणाला, "बाई, वही पास करायची असती तर आत्ता केली असती." रांगेतले चारदोन जण हसले. मी त्यांच्याकडे बघितल्यावर थांबले.

तिथून मी गाडी उचगावला घ्यायला लावली. इतकी वर्षं गाडी सांभाळतोस ती अशी का, म्हणून पिराजीला फैलावर घ्यायचं होतं. त्यानं मला बघितलं, गाडी बघितली, आणि कपाळावर हात मारला. "काकू, आधी हिकडं यायचं न्हाय व्हय? सेट हितंच हाय की." कसला सेट, असं मी विचारलं. तो मला आत घेऊन गेला. भिंतीला चार टायर टांगलेले, नक्षी अगदी कोरी, फडक्यानं पुसून ठेवलेले. त्यांच्याखाली एका पेटीत ब्रेकचे ड्रम, नवे लायनर, हँडब्रेकची केबल, आग विझवायचं लाल नळकांडं. पेटीवर पांढऱ्या रंगानं 'पासिंग' लिहिलेलं. आदल्या दिवशी गाडी यायची, हे सगळं चढायचं, दुसऱ्या दिवशी गाडी पास होऊन परत यायची, हे सगळं उतरायचं आणि जुनं पुन्हा बसायचं. मग पुढच्या गाडीचा नंबर. मी विचारलं, अशा किती गाड्या? तो अभिमानानं म्हणाला, "ह्या मॉडेलच्या बावीस हाईत. एकबी नापास न्हाय. काकू, आपला सेट लई लकी हाय."

केतन, आरटीओवाल्यांना यात बोल लावता येत नाही. त्यांच्यासमोर गाडी त्या दिवसापुरती खरोखरच चांगली उभी असायची. बोल लावायचा तर मला. बावीस गाड्या, नऊ वर्षं, आणि मी इतकी वर्षं चार टायर आणि एका पेटीची परीक्षा घेत होते. कॉलेजात आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की आकडा हातात घेण्याआधी तो कुठून आला ते विचारा. मी पेन्सिलीनं रकाने आखत बसले.

मग मी एक प्रश्न विचारला. तो विचारायचा नाही असं मी उचगावच्या त्या शेडमध्ये दोन मिनिटं ठरवून उभी होते. २०१९ च्या मेमध्ये पण सेट चढवला होता का? पिराजीचा आवाज खाली आला. "चढवलता की. उतरवायला केतनच आलता. आन् शाळा सुरू व्हायच्या आदी पुन्हा आलता, म्हटला, पिराजीमामा, ब्रेक लई खाली जातोय, नवं लायनर टाक. मी मालकास्नी फोन लावला. मालक म्हटलं, पासिंग झालंय न्हवं, आता दिवाळीला बघू. ह्यो माझ्या हातातला फोन घिऊन भांडला बी. शेवटी गेला तसाच गाडी घिऊन." एवढं सांगून त्यानं मला बसायला स्टूल दिलं. मी बसले नाही.

आता १९ जून. मी तो दिवस सहा वर्षं माझ्याच पद्धतीनं सांगत आले आहे, म्हणून एकदा जसा झाला तसा लिहिते. शाळा उघडून चौथा दिवस. रस्ता कोरडा, सरळ. कारखान्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या रिकाम्या ट्रॉलीवर व्हॅन मागून आदळली. पुढच्या सीटवर राजनंदिनी होती, दुसरीतली. तिचा हात कोपरात दोन ठिकाणी मोडला. बाकीच्यांना खरचटलं. तू घरी आलास तेव्हा शर्टावर तिच्या डब्यातली भाजी सांडलेली होती. तू म्हणालास, "आई, ब्रेक लागला नाही." एवढंच. आणि मी म्हटलं, तीन आठवड्यांपूर्वी पास झालेल्या गाडीचा ब्रेक लागत नाही हे मला शिकवू नकोस. तू आण्णांकडे बघितलंस. आण्णा चपला घालून बाहेर गेले. ते मी बघितलं होतं, केतन. मला वाटलं, मुलाची लाज वाटून गेले.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली, तेव्हा प्रमाणपत्र हातात धरून मी माईकवर बोलले. गाडी पास आहे, दोष गाडीचा नाही, चालवणाऱ्याचा आहे, चालवणारा माझा मुलगा आहे म्हणून मी पांघरूण घालणार नाही. लोकांनी माझं कौतुक केलं. प्रकरण समजुतीनं मिटलं. गाडी चालू राहिली, कारण वही स्वच्छ होती. तू मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होतास आणि वर बघितलं नाहीस. तू वर बघत नाहीस याचा अर्थ मी लावून टाकला. ऑगस्टमध्ये तू धारवाडला गेलास.

बापाला वाचवायला तू गप्प बसलास आणि बाप मला घाबरून गप्प बसला. उचगावहून आल्यावर मी आण्णांना पलंगाशी उभं राहून विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणतील, निदान पिराजीवर ढकलतील. ते म्हणाले, "सगळेच करत होते गं पद्मा. आणि तुझ्या वहीत एकदा नापास लागलं असतं तर वर्षभर घरात राहायची सोय नव्हती." मग म्हणाले, "त्या दिवशी बोलणार होतो. तू प्रमाणपत्र शोधत होतीस. तुझ्याकडे बघून तोंडच उघडलं नाही. मग दुसरा दिवस गेला, मग तिसरा." ते रडले, ते मी इथं फारसं लिहीत नाही. मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोललेली नाही, फक्त औषधं वेळेवर देते. त्यांचा राग आहेच आणि तो राहील. पण ज्या घरात गाडीलासुद्धा नापास व्हायची भीती वाटते, ते घर कुणी तसं केलं, हेही मला कळतं. तेवढी अक्कल अजून शिल्लक आहे.

गाडी आता दारात उभी आहे. तिला नवीन टायर, नवीन लायनर, सगळं तिचं स्वतःचं बसवायला सांगितलं आहे, आणि ते माझ्यासमोर बसेल. तोवर मुलांसाठी दुसऱ्या गाडीची सोय केली आहे. पिराजीची पेटी मी उचलून आणणार होते, पण त्याच्या बावीस गाड्यांचे मालक माझ्या दारात येतील. म्हणून आधी त्यांच्याच घरी जाते आहे, यादी घेऊन. सात झाले. दोघांनी चहा दिला, एकानं "काकू, तुमी कशाला मधी पडता" म्हणून दार लावलं, बाकीचे बघतो म्हणाले. मी पुन्हा जाणार आहे.

काल राजनंदिनीच्या घरी गेले होते. आठवीत गेली. हात पूर्ण सरळ होत नाही. पाण्याचा तांब्या तिनं डाव्या हातानं आणून दिला. तिच्या आईला मी सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन, आण्णांचं घेऊन आणि माझं घेऊन. तिनं ऐकता ऐकता पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "तो पोरगा दवाखान्यात रोज यायचा. तुम्हाला सांगू नका म्हणायचा." हे मला ठाऊक नव्हतं. बघ, माझ्या वहीत काय काय नव्हतं. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे मी वेळ मागून घेतली आहे. एकवीस तारखेला, शनिवारी, पालकसभा आहे. त्याच हॉलमध्ये, त्याच माईकवर बोलणार आहे. पाच मिनिटं पुरतील.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. हे मॉडेल दरवर्षी पास होतं का, हे तू एप्रिलमध्ये विचारलंस. तो सेट तू स्वतःच्या हातानं उतरवला होतास. म्हणजे उत्तर तुला ठाऊक होतं, माझ्यापेक्षा सहा वर्षं आधीपासून. धारवाडात अशी व्हॅन विकायला आहे की नाही, याचीच मला आता शंका आहे. आई अजून तेच सांगते का, एवढंच तुला बघायचं होतं. आणि मी निशिगंधाला ताडकन सांगितलं, नऊपैकी नऊ. ती का गप्प झाली ते आता कळतं. ते उत्तर तसंच राहू नये म्हणून हे पत्र लिहिलं. वहीतल्या नऊही निकालांवर मी रेघ मारली आहे. १९ जूनच्या ओळीत मी तेव्हा 'चालकाची चूक' असं लिहिलं होतं, लाल शाईनं. तेही खोडलं आणि शेजारी जे खरं आहे ते लिहून खाली सही केली. एकवीस तारखेला तू ये, असं मी म्हणणार नाही. तो हक्क माझ्याकडे नाही. पण सभा अकरा वाजता आहे, आणि तू आलास तर मागं भिंतीला टेकून उभा राहू नकोस. तू घरी येऊन तीन शब्द बोलला होतास आणि मी ते ऐकले नाहीत. आज लिहून देते. ब्रेक लागला नव्हता.

उत्तराची घाई न करणारी,
तुझीच आई