खिडकीतला बर्फ

सोमवार, २ मार्च

सकाळी साडेसहाला उठलो. चहा, टोस्ट. आठ ते साडेचार काम. विम्याचे नऊ दावे तपासले. नऊही तिकडे कॅनडात, हॅलिफॅक्सकडच्या घरांचे: थंडीने नळ फुटले, तळघरात पाणी. संध्याकाळी बसथांब्यापर्यंत चालत गेलो. बस आली. चढलो नाही, परत आलो.

बर्म्युडात येऊन आज आठ आठवडे झाले. माझी बायको लोरेन नेहमी म्हणायची, एक हिवाळा तरी अशा ठिकाणी काढू जिथे बर्फ उपसायला फावडे लागत नाही. तिला जाऊन सोळा महिने झाले. तेव्हा तो हिवाळा मी काढतो आहे. कंपनीने वर्षभर इथून काम करायची परवानगी दिली आहे. एकंदरीत बरे चालले आहे. आजपासून रोज लिहायचे, म्हणजे किती बरे चालले आहे तेही कळेल.

संकल्प: रोज पोहणे. लोकांशी बोलणे. मोयराला येण्याची तारीख कळवणे.

मंगळवार, ३ मार्च

पोहलो नाही. वारा होता.

मोयराचाच फोन आला. जानेवारीपासून ती आणि तिचा नवरा डेल हॅलिफॅक्सला आमच्या घरात राहतात. बाळ मेच्या मध्यावर. ती म्हणाली, बाबा, बाळाला वरची खोली लागणार, तुझं ऑफिस. आईचं सगळं तसंच आहे तिथे. मी एकटी हात लावणार नाही. तू ये, दोघं मिळून आवरू. कधी येतोस?

मी म्हणालो, ईस्टरच्या आत नक्की.

ती म्हणाली, हे कोणतं नक्की? छपराची पन्हळ साफ करतो म्हणाला होतास तसलं?

मी म्हणालो, नाही, खरोखरचे.

तिकीट उद्या काढतो.

गुरुवार, ५ मार्च

तिकिटाचे पाहिले. टोरांटोला विमान बदलावे लागते, मध्ये पाच तास. घाईने काढण्यात अर्थ नाही.

सकाळी टीमची मीटिंग. मी नेहमीप्रमाणे पडद्यावर मागे माझ्या खोलीचा फोटो लावला होता. निघायच्या आदल्या दिवशी काढलेला. खिडकी, खिडकीत बर्फ, शिवणयंत्र, आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेला हिरवा स्वेटर. लोरेनने तो तिथे टाकला तेव्हापासून तसाच आहे. चुरगळू नये म्हणून निघेपर्यंत चौदा महिने मी त्या खुर्चीत पुढे सरकून बसत असे. कंबरदुखी त्याचीच, असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी त्यांना स्वेटरचे सांगितले नाही. ते म्हणाले, बसण्याची पद्धत.

फोटो लावण्याचे कारण इतकेच की तो नीटनेटका दिसतो. इथे माझ्यामागे घरमालकीण मिसेस ट्रॉट यांची इस्त्रीची फळी आहे.

शनिवार, ७ मार्च

दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या बाईंना विचारले, दूध कुठे आहे? त्या म्हणाल्या, गुड मॉर्निंग. मी म्हणालो, दूध. त्या पुन्हा म्हणाल्या, गुड मॉर्निंग, जरा सावकाश, बहिऱ्याला सांगावे तसे. मागे तीन माणसे होती. मग मी म्हणालो. मग मागच्या तिघांनाही म्हणावे लागले. मग दूध मिळाले.

आठ आठवडे झाले तरी हे अंगवळणी पडत नाही. सोळा महिने सकाळी कुणाला काही म्हणायची वेळ आली नाही, त्यामुळे असेल.

संकल्प: उद्यापासून सगळ्यांना गुड मॉर्निंग, विचारायच्या आधी.

मंगळवार, १० मार्च

मिसेस ट्रॉट खाली आल्या. त्या वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली, आणि माझ्या फरशीखाली घराची टाकी. छपरावर पडेल तेवढाच पाऊस तिच्यात येतो, दुसरे पाणी नाही. त्यांनी अंगणातले झाकण उघडून खुणा केलेली काठी आत सोडली, बाहेर काढली, आणि काठी माझ्यासमोर धरली. फार थोडी ओली होती.

त्या म्हणाल्या, मिस्टर हार्निश, तुम्ही अंघोळ करता की बोट धुता? माझे मिस्टर चाळीस वर्षं मासेमारी करत होते, त्यांना वास घालवायलासुद्धा एवढा वेळ लागत नव्हता.

मी म्हणालो, शॉवरला दाब कमी आहे, त्यामुळे लांबते.

त्या म्हणाल्या, वीस मिनिटं? परवा मी वर अख्खं कांदा-बटाट्याचं कालवण केलं, तरी खाली धो धो चालूच.

मी म्हणालो, मी लक्ष ठेवीन.

संध्याकाळी दारात अंडी उकडताना लावतात ते वाळूचे घड्याळ ठेवलेले सापडले. तीन मिनिटांचे.

शॉवर का लांबतो ते मलाही नीट सांगता येत नाही. पाण्याखाली उभे राहिले की वेळ समजत नाही. दाबाचेच असावे.

बुधवार, १८ मार्च

पोहलो नाही. समुद्र थंड असेल.

मोयरा म्हणाली, डेल रंगाचे नमुने घेऊन आला आहे. तिकीट झालं का? मी म्हणालो, मार्चअखेर दावे तुंबतात, बर्फ वितळतो ना. ती म्हणाली, बाबा, बर्फ दरवर्षी वितळतो. मी म्हणालो, ते खरे आहे. मग ती म्हणाली, जेवलास का?

तिला बरे वाटावे म्हणून म्हणालो की इथे माझी बरीच ओळख झाली आहे.

गुरुवार, २६ मार्च

शॉवर: वाळूचे घड्याळ चार वेळा उलटे केले. म्हणजे बारा मिनिटे. सुधारणा आहे.

तिकीट: गुड फ्रायडेच्या आधीचे मिळत होते. परंतु मिसेस ट्रॉट यांनी पतंगाचे निमंत्रण दिले आहे. इथे गुड फ्रायडेला प्रत्येक घरातून पतंग उडतो. नाही म्हटले तर त्यांना वाईट वाटेल. इतक्या वयस्क बाईंना दुखवून जाणे बरे नव्हे. ईस्टरनंतर लगेच निघतो.

शुक्रवार, ३ एप्रिल. गुड फ्रायडे

सकाळी वर गेलो. गुड मॉर्निंग आधी म्हणालो. मिसेस ट्रॉट म्हणाल्या, अरे वा, माणूस घडतोय.

माशाची वडी गोड पावात घालून खायला दिली. मग काड्या, रंगीत पातळ कागद आणि खळ. मी कापत होतो, त्या चिकटवत होत्या. त्यांनी विचारले, मुलीला बाळ कधी? मी म्हणालो, पुढच्या महिन्यात. त्या म्हणाल्या, आणि तुम्ही इथे बसून कागद कापताय.

मी म्हणालो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून थांबलो.

त्या म्हणाल्या, मला? मला पाच नातवंडं आहेत, मिस्टर हार्निश. दुपारी ती सगळी खळीत पाय घालतील. मला पतंगाला माणूस कमी नाही.

पतंग उडाला. दोरी माझ्या हातात दिली होती. वारा चांगला होता, मला काही करावे लागले नाही. त्यांची मधली नात म्हणाली, काका, ओढा ना, नुसते काय धरून उभे. मी ओढली. तुटली.

मंगळवार, १४ एप्रिल

पाऊस नाही. टाकी तळाला. पाण्याच्या ट्रकसाठी यादीत नाव, दहा दिवस थांबावे लागेल. शॉवर बंद. एक बादली दिवसाला. आज अकरा दावे, सगळ्यांच्या तळघरात गुडघाभर पाणी.

मीटिंगमध्ये ग्लेन, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणाला, हार्निशच्या खिडकीत अजून बर्फ? इथे आमची क्रोकसची फुलं येऊन गेली. प्रांतातला सगळा हिवाळा यानेच धरून ठेवलाय. सगळे हसले. मीही हसलो. ग्लेन म्हणाला, फोटो बदला राव, तिथले पामचे झाड बिड दाखवा, आम्हाला जळू द्या.

मी म्हणालो, उद्या बदलतो.

बदलला नाही. खोली कुठे बदलली आहे?

मंगळवार, २१ एप्रिल

मोयरा. म्हणाली, बाबा, आता मला वाकता येत नाही. तू येणार नसशील तर तसं सांग. मी रागावणार नाही, पण सांग. खोली बंद ठेवू की उघडू?

मी म्हणालो, पाण्याचा ट्रक यायचा आहे, तो चोविसाला येईल असे म्हणतात, त्याआधी घर सोडणे बरोबर दिसत नाही.

ती म्हणाली, ट्रकसाठी?

मी म्हणालो, तुला योग्य वाटेल ते कर.

ती म्हणाली, ठीक आहे. नंतर म्हणाली, ठीक आहे बाबा.

हे चांगले झाले. अशा गोष्टी तरुणांवर सोपवाव्यात. खुर्चीला हात लावू नकोस एवढे सांगायचे राहिले. उद्या फोन करून सांगतो. फक्त खुर्ची. बाकी काहीही करा.

बुधवार, २२ एप्रिल

फोन केला नाही. ती कामात असेल.

सोमवार, २७ एप्रिल

ट्रक आला. टाकीत पाणी पडताना फरशीखालून आवाज येत होता. मिसेस ट्रॉट म्हणाल्या, ऐका, हे सगळं तुम्ही एकट्याने संपवायचं नाही.

तिकीट पाहिले. ९ मेचे आहे. नावाचा रकाना भरला, पासपोर्टचा आकडा भरला. शेवटचे बटण दाबायच्या आधी वेळ संपली म्हणून पान बंद झाले. यंत्रालाही धीर नसतो.

फोन उद्या.

मंगळवार, ५ मे

कामाच्या लॅपटॉपवरच मोयराचा व्हिडिओ कॉल आला. मीटिंग नुकतीच संपली होती. मागचा फोटो काढून टाकायचा राहिला.

पडद्यावर दोन चौकोन. तिच्या चौकोनात तीच खिडकी, बाहेर मेपलला पालवी. भिंती पिवळ्या. शिवणयंत्र नाही. माझ्या चौकोनात तीच खिडकी, बाहेर बर्फ, आणि माझ्या खांद्यामागे खुर्ची.

ती हिरवा स्वेटर घालून बसली होती. पोटावर बटणे लागत नव्हती.

ती म्हणाली, बघ काय सापडलं. तुझ्या खुर्चीवर होता. दोन हिवाळे शोधतेय मी, कॉलेजातला माझा. डेलला वाटलं बसमध्ये विसरले.

मी म्हणालो, तुझा?

ती म्हणाली, माझाच, कोपराला रफू बघ. आईने हिरवं कधी घातलंय का, बाबा? तिला हिरव्याने चेहरा आजारी दिसतो असं वाटायचं.

मी म्हणालो, हो. मला माहीत होते.

मग तिने माझा चौकोन बघितला. बराच वेळ बघितला. तिच्या लक्षात आले असावे. म्हणाली, तुला हवाय का? पाठवून देते.

मी म्हणालो, छे, इथे कसली थंडी. तू घाल.

ती म्हणाली, आईच्या वस्तू तीन खोक्यांत आहेत. नाव घालून जिन्याखाली ठेवल्या. टाकलं काही नाही. मी म्हणालो, छान केलेस. खोलीही छान झाली आहे. पिवळा रंग शांत आहे. ती म्हणाली, डेलने दोन हात दिले. डॉक्टर म्हणतात बाळ लवकरही होईल. मी म्हणालो, कळव.

ती म्हणाली, कळवते. जेवून घे.

कधी येतोस हे तिने विचारले नाही. पहिल्यांदाच. बोलणे संपल्यावर ते लक्षात आले.

फोटो काढून टाकला. माझ्यामागे इस्त्रीची फळी आली.

संध्याकाळी न्हाणीत गेलो. वाळूचे घड्याळ खिडकीत उलटे ठेवले. टाकी आता भरलेली आहे, पण नळ सोडला नाही. तसाच उभा राहिलो. वाळू संपली. बाहेर आलो आणि सकाळची कपबशी विसळून पालथी घातली.