दोन मिनिटं अकरा सेकंदांची खरखर

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९

आजपासून काम सुरू. उद्दिष्ट: हिची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवणे. मुदत: रविवार, १६ तारीख. त्या दिवशी मुलगी येणार. म्हणजे तेरा दिवस हातात. काम दोन दिवसांचं. उरलेले अकरा वाचनाला.

मुलगी काल फोनवर म्हणाली, बाबा, आईचा आवाज मला नीट आठवेनासा झालाय. हिला जाऊन दहा महिने झाले. दहा महिन्यांत लोक आवाज कसा विसरतात, कळत नाही. मला तसा काही त्रास नाही. मला पक्का आठवतो.

हिचा आवाज असलेली ही एकच कॅसेट. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शाळेचा व्हिडिओ कॅमेरा एका दिवसासाठी घरी आणला होता. ही खिडकीपाशी खुर्चीत. कॅमेरा माझ्या हातात. चौथीच्या पुस्तकातली दिव्याची कविता हिने सबंध म्हटली. एकदाही अडखळली नाही.

दिव्यापाशी बसे सावली, वाट कुणाची पाहे;
वारा म्हणतो, येतो नंतर; दिवा म्हणे, मी आहे.

आता अशा कविता कुठल्याच पुस्तकात नसतात. असो.

पुढल्या गल्लीतल्या टेपवाल्यांकडून त्यांचा जुना व्हीसीआर आणला आहे. त्यांचा दुरुस्तीचा धंदा, हल्ली गिऱ्हाईक नाही. ते म्हणाले, मास्तर, जपून वाजवा. टेप म्हणजे पेन्सिलीचं लिखाण. बोट फिरवलं की थोडं बोटाला येतंच. हिशेब सोपा आहे: एकूण पाच वेळा वाजवायची. सहावी वेळ नाही.

दुपारी ४. जोडणी केली. वाजवली. आवाजाच्या जागी नुसती खरखर. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी. पहिल्या दिवशी असं व्हायचंच.

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे झालेत. पाणीच नाही. थेंब दिले, दिवसातून तीनदा. स्क्रीनकडे बघून होतं म्हणाले. मी सांगितलं, स्क्रीनसमोर कालच बसायला लागलो. त्यांनी लिहून घेतलं नाही.

कॉम्प्युटरच्या मागे दोन भोकं, एक गुलाबी, एक निळं. व्हीसीआरची आवाजाची वायर त्यातल्या योग्य त्या भोकात घातली आहे.

वाजवली. खरखर. वेळा: २.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ११

दोष ड्रायव्हरचा. हा ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला आवाज कळावा म्हणून असलेला प्रोग्राम. जुना काढला. नवा घातला. आता कॉम्प्युटर कुठलाच आवाज करत नाही. बंद होतानाची ती टिंग होती, तीही गेली.

दुपारी जुना परत घातला. टिंग आली. खरखर आली.

वेळा: ५. म्हणजे ठरल्याप्रमाणे संपल्या. पण त्यातली एक फक्त वायर हलवून पाहायला होती, ती धरत नाही. आणि पहिल्या दिवशीची तर ओळख होती. नवी मर्यादा: दहा.

हिच्या कपाटाचं दार नीट लागत नाही. पाहायचं.

शुक्रवार, ७ मार्च

टेपवाले घरी आले. चहा घेतला. भला माणूस, पण बोलताना वाक्याच्या मधेच थांबतात, विचार करत बसतात. मी वाक्य पूर्ण करून देतो. जुनी सवय. शाळेच्या नाटकांना तीस वर्षं विंगेत उभा राहून प्रॉम्प्टिंग केलं. पोरगं अडखळायच्या आत पुढचा शब्द त्याच्या कानात. आणि तीस वर्षांत माझा आवाज एकदाही प्रेक्षकांत गेला नाही. हेडमास्तर म्हणायचे, तुम्ही आहात हे कळतच नाही. हिला मात्र हे कौतुक कधी विशेष वाटलं नाही.

टेपवाल्यांनी डोळे मिटून खरखर ऐकली. एकच प्रश्न विचारला, कॅमेरा कोणी धरला होता? मी म्हणालो, मी. खांद्यावर, गालाला लावून, जराही हलू न देता. मग ते म्हणाले, "मास्तर, दोन खरखरी आहेत. वरची आहे ती इथली. पण खालची जर मोठ्या आवाजालाच येत असेल, तर ती..." आणि थांबले.

"केबलमुळे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तसंही असेल. कप उचलून स्वयंपाकघरात ठेवून आले आणि गेले.

उद्या नवी केबल.

शनिवार, ८ मार्च

नवी केबल. सोन्याचा मुलामा असलेली. खरखर आता अधिक स्पष्ट ऐकू येते. ही प्रगतीच.

वेळा: ११.

चित्राच्या तळाशी एक बारीक पांढरी पट्टी दिसते. आधी नव्हती, किंवा लक्ष गेलं नसेल. चित्राकडे मी बघतच नाही. त्याची खिडकी लहान करून कोपऱ्यात सारली आहे आणि त्यावर आवाजाच्या मीटरची खिडकी ठेवली आहे. आधी आवाज, मग चित्र. कारण तांत्रिक आहे.

जेवण: झालं.

सोमवार, १० मार्च

मुलीचा फोन. तिच्या ऑफिसात कोणीतरी असल्या कामातला जाणकार आहे. त्याने विचारायला सांगितलं होतं. ती म्हणाली, बाबा, वायर गुलाबी भोकात आहे की...

"निळ्या," मी म्हणालो.

ती म्हणाली, मग बरं, कारण गुलाबी माईकचं असतं, त्यात व्हीसीआरचा आवाज घातला की फाटतो. बघितलंत ना नक्की? मी म्हणालो, मी भाषा शिकवली असली तरी रंगांधळा नाही. ती हसली नाही. म्हणाली, आई असती तर... मी म्हणालो, हो, तिने पंखा बंद करायला लावला असता. ती म्हणाली, मी ते म्हणत नव्हते. फोन ठेवला.

पंख्याचा मुद्दा मात्र चांगला होता. पंखा बंद करून वाजवली. मग फ्रिज बंद करून. मग दोन्ही. दूध नासलं.

वेळा: १७. मर्यादा वीस केली. वीस म्हणजे वीस.

बुधवार, १२ मार्च

आज कॅसेट वाजवली नाही. ती कपाटात ठेवून स्वस्थ बसलो. म्हटलं, हिचा आवाज आधी मनात नीट आणावा, म्हणजे मशीनमधून येणारा कुठे चुकतो ते कानाला कळेल. ही खरी शास्त्रीय पद्धत.

खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलो. दिव्यापाशी बसे सावली. कविता झरझर आली. फक्त ती माझ्या आवाजात आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा माझ्याच. मग कविता सोडून हिचं रोजचं एखादं वाक्य आठवायला गेलो. वाक्यं आली, पुष्कळ आली. लिहिल्यासारखी आली.

दहा दिवस खरखर ऐकून कान थकलेत. दुसरं काही नाही.

डोळ्यांत थेंब घातले.

गुरुवार, १३ मार्च. दुपारी ३

यश.

सहज, माझ्या स्वतःच्या प्रयोगाचा भाग म्हणून, टॉर्च घेऊन कॉम्प्युटरच्या मागे पाहिलं. वायर गुलाबी भोकात होती. साफसफाई करताना कोणी हलवली असेल. घरात साफसफाई मीच करतो, पण हात लागतात.

निळ्या भोकात घातली. शिवाय आवाज टिपण्याची पातळी शंभरावर होती, ती पस्तीसवर आणली. वाळू गेली. शब्द आले. पूर्ण कविता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. खुर्चीत बसून राहिलो. काही विशेष वाटलं नाही. समाधान असेच असते बहुधा.

एक किरकोळ अडचण. आवाज जाड येतोय. घोगरा. आणि जोर लागला की अजून फाटतो. हिचा आवाज बारीक होता, एवढं मला नक्की आठवतं. निदान इतकं तरी. म्हणजे सॅम्पल रेट चुकला. टिपताना एक वेग आणि वाजवताना दुसरा असला, की आवाज खाली उतरतो. प्रोग्रामसोबत आलेल्या चोपडीत दिलंय. सोपं आहे.

वेळा: २६. आता मोजणं थांबवलं. ध्येय दृष्टिपथात असताना मोजू नये.

शनिवार, १५ मार्च

आवाज दहा टक्के वर चढवला, म्हणजे तेवढा बारीक केला. वीस. पंचवीस. पंचविसाला कविता एखादं पोर सर्दीत म्हणतंय असं वाटतं. पंधरावर ठेवलं. पंधराला बरा आहे. जवळपास हिचाच. सवय झाली की हिचाच वाटेल.

सुरुवातीला दहाएक सेकंद मात्र उलटंच. तिथे एक बारीकसा, लांबचा आवाज आहे, आणि तो पंधरा टक्क्यांत चिमणीसारखा होतो. रस्त्यावरचा असेल. तो कापून टाकावा का, असा विचार केला. माउस तिथपर्यंत नेलाही होता. मग म्हटलं, मुलीला विचारून करू.

पांढरी पट्टी आता चित्राच्या एक चतुर्थांशापर्यंत आली आहे असं मीटरच्या खालून दिसतं. उद्या काम संपतंच आहे.

रविवार, १६ मार्च. संध्याकाळी ६

मुलगी अकराला आली. आल्याआल्या स्वयंपाकघरात गेली, दोन कप धुतले. मी रोज दोनच काढतो, त्याबद्दल काही बोलली नाही.

मी थोडक्यात प्रास्ताविक केलं: ड्रायव्हर, केबल, पंखा, सॅम्पल रेट. ती म्हणाली, लावा. लावली. कविता सुरू झाली. ती पुढे वाकून ऐकत होती. पहिलं कडवं संपलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रीनकडे.

"बाबा, हा तुमचा आवाज आहे."

मी म्हणालो, सॅम्पल रेट. ती म्हणाली, जे काही वर चढवलंय ते काढा, आणि चित्र मोठं करा. मी म्हणालो, आधी आवाज, मग. तिने माझ्या हातातला माउस घेतला. मीटरची खिडकी बाजूला केली.

ही खिडकीपाशी बसली आहे. निळसर साडी. अठ्ठावीस वर्षांनी लहान. सुरुवातीपासून लावली.

ही म्हणते, दिव्यापाशी बसे. श्वास घ्यायला थांबते. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागून, सगळं घर हलेल असा आवाज: सावली. ही म्हणते, माहितीये मला. पुन्हा धरते: वाट. मागून: कुणाची. मग ही हसते, पदर सारखा करते आणि कॅमेऱ्याकडे नाही, जरा वर, माझ्या तोंडाकडे बघून म्हणते, "म्हणा तुम्हीच. मी बसलेय ऐकत."

आणि मी म्हणतो. सबंध. एकदाही न अडखळता.

पुढची दोन मिनिटं ही नुसती बसली आहे. हनुवटीखाली हात घेतलेला असावा. तिथपर्यंत आता पट्टी आली आहे, त्यामुळे हात दिसत नाही.

जेवणानंतर टेपवाले मशीन न्यायला आले. त्यांना विचारलं, त्या दिवशी तुमचं वाक्य काय होतं? त्यांना आठवायला वेळ लागला. म्हणाले, हां, खालची खरखर मोठ्या आवाजालाच येत असेल, तर ती टेपवरच आहे. बोलणारा माईकच्या फार जवळ होता. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही सांगितलंत ना.

मुलीने हिचा तेवढाच भाग कापून मागितला. कापून दिला. अकरा सेकंद, मी मधे बोलतो ते काढलं तर सहा. त्या सहांत खरखर अजिबात नाही. कधीच नव्हती. तिने ते फोनवर घेतले, कानाला लावून दोनदा ऐकले आणि म्हणाली, हो, असाच. मीही ऐकले. असाच असावा.

कपाटाचं दार तिने बघितलं. आत हिच्या शालीचं टोक अडकलं होतं. आता लागतं.

निघायच्या आधी चपला घालताना ती म्हणाली, बाबा, मी आता तुमच्यासाठी... आणि थांबली. पुढचा शब्द मला माहीत होता. तोंडापर्यंत आला होता. नाही सांगितला. ती बराच वेळ थांबली. माझ्याकडे बघत होती, मी काही म्हणतोय का ते.

मग म्हणाली, चहा ठेवू का? थोडा वेळ थांबते.

मला माहीत असलेला शब्द तो नव्हता.