मागच्या सीटवरचं मूल

चॉर्ली, गुरुवार, चहानंतर

प्रिय हेझलताई,

लहान भावाचा उभ्याउभ्या नमस्कार असं लिहिणार होतो, पण सध्या मी उभा राहत नाही; तेव्हा सोफ्यावरूनच स्वीकारावा. डग्लसदाजींचा गुडघा, तुझे संधिवाताचे हात आणि बागेत शिरणारी ती हरणं (यंदा कोबी ठेवला की तोही गेला?) या सर्वांची खुशाली कळवावी. इन्व्हरनेसची हवा विचारत नाही, कारण मग तू इथली विचारशील. आईची तब्येत उत्तम आहे, आणि तक्रार नेमकी तीच आहे.

माझा पाय मोडल्याचं तुला फोनवर कळलंच आहे. पक्ष्यांचं खाणं टांगायला शिडीवर चढलो, शिडी जागेवर राहिली आणि मी खाली आलो. पक्षी दुसऱ्या दिवशीपासून शेजाऱ्यांकडे जेवायला जातात. पण पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातल्यामुळे मला पुढच्या सीटवर बसता येत नाही, गाडी चालवणं तर लांबच, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. आईच्या त्या डबीएवढ्या गाडीत मी मागे आडवा बसतो, पाय सीटभर पसरून, आणि पुढे त्र्याऐंशी वर्षांची आई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून मला बाजाराला नेते. मागे गाड्यांची रांग लागते. लग्नाची वरात समजून एकदा कुणीतरी हात हलवला.

आता मुद्दा पार्किंगचा. सुपरमार्केटमधल्या साध्या जागा इतक्या अरुंद की दार वीतभर उघडतं, आणि त्या फटीतून मला प्लास्टरसकट ओढून काढणं म्हणजे सोफा जिन्यावरून चढवण्यासारखं. पहिल्यांदा आईने पाय धरून ओढलं, दुसऱ्यांदा काखेत हात घालून, आणि तिसऱ्यांदा मीच म्हटलं, मला इथेच राहू दे, भाजीबरोबर घरी ने. अपंगांच्या जागेत गाडी लावायला आई तयार नाही. त्या जागा ज्यांच्या आहेत त्यांच्या आहेत, असं ती म्हणते, आणि ते बरोबरच आहे. मग तिची नजर दाराजवळच्या ऐसपैस जागांवर गेली. पाटीवर एका मोठ्या माणसाने एका लहान माणसाचा हात धरलाय, आणि खाली लिहिलंय: पालक आणि मूल. आईने पाटी दोनदा वाचली, गाडी आत घातली आणि म्हणाली, "मी पालक. तू मूल. काही चुकतंय का?" मी एकोणसाठ वर्षांचा आहे एवढंच चुकत होतं, पण ते पाटीवर नव्हतं.

अशा प्रसंगी आपल्याकडे लोक काय करतात हे तुला ठाऊक आहे. कुणी काही बोलत नाही. फक्त बघतात, जीभ टाळ्याला लावून आवाज काढतात आणि जाताना आपली ट्रॉली उगाच आमच्या गाडीपाशी रेंगाळवतात. आईला हे ऐकू येत नाही (किंवा येतं, ते डॉक्टरांनाही कळलेलं नाही). मी मात्र दर गुरुवारी मागच्या सीटवर टोपी डोळ्यांवर ओढून पडत असे.

मग तो गुरुवार आला. पाऊस आडवा लागत होता. आई नेहमीच्या जागेत गाडी लावून माझं दार उघडत होती, इतक्यात एक तरुण मुलगी गाडी थांबवून खाली उतरली. तिच्या गाडीत एक तान्हं बाळ रडत होतं आणि एक तीन-चार वर्षांची मुलगी त्याच्याहून मोठ्याने रडत होती. ती तरुणी म्हणाली, "माफ करा हं आजी, पण या जागा मुलं असलेल्यांसाठी आहेत."

"मग हा कोण?" म्हणून आईने दार पूर्ण उघडलं.

ताई, मी शहाण्या माणसासारखं हसायला हवं होतं. मी हात हलवला. तरुणीने माझ्याकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं, आणि तिला रडू कोसळलं. रागाचं रडू नव्हतं ते. रात्र रात्र झोप न मिळालेल्या माणसाचं होतं. (पॉलीन मला सोडून त्या दंतवैद्याबरोबर स्पेनला गेली तेव्हा मी असाच एकदा पोस्टाच्या रांगेत रडलो होतो, त्यामुळे ओळखता आलं.) एवढ्यात पिवळं जॅकेट घातलेला दुकानाचा माणूस, ग्लिन, धावत आला आणि मूल बारा वर्षांखालचं लागतं असं सांगू लागला. "कुठे लिहिलंय?" आई म्हणाली. तो पाटीच्या मागच्या बाजूलाही बघून आला. नव्हतं लिहिलेलं.

पण आईचं लक्ष आता त्याच्याकडे नव्हतंच. तिने त्या तरुणीचं नाव विचारलं (कर्स्टी, नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला असतो, गावात कुणी ओळखीचं नाही), आणि शेजारच्या जागेत उभ्या असलेल्या भल्यामोठ्या गाडीच्या काचेवर टकटक केली. आत एक भलामोठा गृहस्थ एकटाच बसून मटणाचं पॅटिस खात होता. आई वाकून बघते तो काय! तुला आठवतं ना, सगळं चॉर्ली लहानपणी आईने शाळेसमोर हातातला 'थांबा'चा फलक उंच धरून, गाड्या अडवून रस्त्यापार नेलंय? हाही त्यातलाच.

"वॉरन प्रेस्कॉट," आई म्हणाली, "तुला मुलं आहेत?"

"नाहीत, मिसेस एंटविसल," तो तोंड पुसत म्हणाला.

"मग गाडी काढ. आणि आरशात बघून काढ."

त्याने काढली. आईने भर पावसात मध्ये उभं राहून दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली, हात असा उंच धरून, आणि कर्स्टीची गाडी आत घेतली. कुणीही हॉर्न वाजवला नाही. मी तिला बाबा गेल्यापासून इतकी ताठ उभी राहिलेली पाहिली नव्हती.

पुढे असं झालं की बाळ ट्रॉलीत बसलं, पण मोठी, मेबल, चालेना. तिला माझं प्लास्टर हवं होतं. कर्स्टीने मला नीट न्याहाळलं. ज्याला पळताच येत नाही असा माणूस तिला बहुधा धोक्याचा वाटला नसावा. तरी आईने ग्लिनला गाडीपाशी पहारा द्यायला उभं केलं, आणि दोघी बाळाला घेऊन आत गेल्या. मेबलने गाडीत चढून माझ्या प्लास्टरच्या गुडघ्यावर पेनाने पाणघोडा काढला. मग मला तिने त्याचं सगळं खानदान समजावून सांगितलं, आणि मलाही काही प्रश्न पडले ते मी विचारले. ग्लिन खिडकीशी वाकून म्हणाला, "आता बरोबर आहे साहेब. आता गाडीत मूल आहे."

तेव्हापासून दर गुरुवारी हेच चाललंय. आई तासभर आधीच कोट घालून बसते. मी मागच्या सीटवर पाणघोड्यांचा कारभार पाहतो.

आता तू पत्रात विचारलंस की गाडी विकून टाकायची वेळ आली नाही का. तुझं म्हणणं रास्त आहे. तिची नजर तपासून आणली, ती माझ्यापेक्षा चांगली निघाली. पण वयाचा विचार करायलाच हवा. नाताळात तू आलीस की बोलू. दाजींना नमस्कार, हरणांना नाही.

तुझा,
क्लाइव्ह

ता.क. एक राहिलं. हाड जुळलंय. दुपारी हॉस्पिटलचा फोन होता. सोमवारी प्लास्टर काढतील, मग मी गाडी चालवू शकेन. आईला सांगितलेलं नाही. ती पुन्हा खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहील, याची मला धास्ती वाटते. रविवारी तू फोन करशील तेव्हा एवढंच सांग, की या वयात हाड जुळलं तरी पायाला बळ यायला वेळ लागतो, निदान ईस्टरपर्यंत गाडी चालवू नये. तू नर्स होतीस, तुझं ती ऐकते.

ता.क. दुसरं. हेझल, मी आई. क्लाइव्हने पत्र टाकायला दिलंय, पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं. वरचं वाचलेलं नाही, मी लोकांची पत्रं वाचत नाही. हॉस्पिटलच्या बाईंचा फोन सकाळी आधी मीच घेतला होता, मीच त्यांना म्हटलं दुपारी करा. पाय बरा झालाय त्याचा. पण पॉलीन गेल्यापासून घरात दोन शब्द बोलत नव्हता गं, आणि आता गाडीत मागे बसून त्या पोरीशी तासभर बडबडतो. मला खरं तर गाडी चालवायचा कंटाळा येतो, पाठ दुखते. रविवारी त्याला फोनवर घे आणि सांग, ईस्टरपर्यंत गाडी चालवायची नाही. तू नर्स होतीस, तुझं तो ऐकतो.