दुरुस्त पेशी

३ मार्च, सोमवार
सत्कार झाला. सरांचा! भाषणात माझा उल्लेख 'आमच्या एक सहकारी'. बारा वर्षं एकही रविवार न पाळता प्रयोगशाळेतल्या त्या पेशींना खाऊ घातलं ते मी. फोटोत कोण? सर!

ताई पहिल्या रांगेत होती. टाळ्या वाजवत होती, तोंड मात्र भलतीकडेच. वीस तारखेला तिच्याच कातडीपासून वाढवलेल्या पेशी तिच्या डोळ्यात घालायच्या आहेत. तिचा जन्मजात दोष आम्ही पेशींमध्ये दुरुस्त केला म्हणे. त्याच शोधावर सरांची खुर्ची, माझं स्टूल.

७ मार्च, शुक्रवार
ऑपरेशनआधी पेशी नक्की कुणाच्या याची चाचणी लागते. आम्ही कधी केलीच नाही! बाटलीवर माझं अक्षर आहे की.

११ मार्च, मंगळवार
अहवाल आला. पेशी ताईच्या नाहीत. 'जवळच्या नात्यातील स्त्री.'

ताईची कातडी घेतली त्याच दिवशी तुलनेसाठी माझीही घेतली होती. 'माझ्या' पेशी वाढेनात म्हणून फेकून दिल्या. म्हणजे फेकल्या त्या ताईच्या. बारा वर्षं लाड केले ते स्वतःचेच! आणि दुरुस्त? दुरुस्त काय, कपाळ! माझ्यात तो दोष नव्हताच.

१२ मार्च, बुधवार
सरांना दाखवलं. "सख्ख्या बहिणी आहात. थोडं इकडेतिकडे होणारच."

म्हटलं, सर, तिचं शरीर या पेशी परक्या म्हणून झिडकारेल. त्या तिच्याच समजून आपण शरीराला आवर घालणारं औषधही देणार नाही. उरलीसुरली नजर जाईल तिची.

"निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची?" एवढंच विचारलं. चहाही पाजला. गप्प बसा म्हणायची केवढी सभ्य रीत!

१३ मार्च, गुरुवार
संस्थेला पत्र पाठवलं. ऑपरेशन थांबवा, शोधनिबंध मागे घ्या. दुपारपर्यंत माझ्या खोलीची किल्ली मागून नेली. जेवताना शेजारी कुणी बसलं नाही. सर बातमीदाराला म्हणाले, "एका व्यक्तीचा निष्काळजीपणा." खोटं तरी कुठे आहे? तेच जास्त झोंबलं.

ताईला अजून सांगितलेलं नाही. ती वीस तारखेसाठी बॅग भरतेय.

१६ मार्च, रविवार
सांगितलं. तिने माझा हात चाचपून धरला.

"तू लिहिलेली ती बाटल्यांवरची लेबलं मी चिकटवली होती गं. तू फोनवर कुणाशी तरी भांडत होतीस. मी विचारलं, कुठलं कुठे? तू नुसतं बोट दाखवलंस. मला तेव्हाच तुझं बोट दिसत नव्हतं."