आवाज आली का?

प्रेम नगर, झाशी. मंगळवार, सायंकाळ.

नातीसाठी जुन्या चित्रणाचे संपादन करताना पत्नीचे, सुमनचे, एक वाक्य कापणार होतो. ती जाऊन सहा वर्षे झाली. त्यात कॅमेऱ्यासमोर तिने विचारले होते, “अहो, आवाज आली का?” हिंदीच्या संगतीने ‘आवाज’ स्त्रीलिंगी! मागून मी खेकसलो होतो, “आला म्हण!”

आज त्या चित्रणाची डीव्हीडीची चकती लावली. पडद्यावर सुमन म्हणाली, “अहो, आवाज आला का?” माझे खेकसणे कुठेच नाही. चकती तर तेव्हाच ‘फायनलाइज’ केली होती. त्यानंतर चकतीत काहीही बदलता येत नाही. मग दुरुस्ती कोणी केली? की मलाच चुकीचे आठवते?

पुन्हा लावली. “आवाज आला का?” विचारून ती थांबली, थेट माझ्याकडे पाहत.

तिसऱ्यांदा लावली, तेव्हा मी उत्तर दिले, “आली, सुमन. आवाज आली.”