सरकारी नमुन्यांची डागडुजी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

नजमा, दोहा
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

तीर्थरूप महिपतीदादास,

धाकट्या अंजनाचा वाकून नमस्कार. (वडील भावाला पत्रात ‘तुम्ही’ लिहावं असं शाळेत शिकवलं होतं, पण तसं लिहिलं की तलाठ्याला अर्ज केल्यासारखं वाटतं, म्हणून ‘तू’च लिहिते.) तुझा गुडघा आता कसा आहे? दुकान, म्हैस, वहिनी आणि मुलं सगळी खुशाल असतील. (हा क्रम माझा नाही, तुझ्या मागच्या पत्रातला आहे.) आम्ही इथे देवाच्या कृपेने धडधाकट आहोत. आज संकष्टी. पंचांगात चंद्रोदय मुंबईचा दिलेला, इथलं घड्याळ अडीच तास मागे, आणि चंद्र कोणाचं घड्याळ पाळतो हे मला मॅट्रिकपर्यंत कोणी सांगितलं नाही. हे म्हणतात, “गच्चीवर जाऊन बघ, दिसला की उगवला.” तोवर पोट रिकामं आणि डोकं भरलेलं, म्हणून लिहायला बसले.

तर बातमी अशी, की ह्यांची संस्था युनिव्हर्सिटीत गेली. तू कराडात सगळ्यांना ‘आमचे मेहुणे अरबस्तानात मोठ्या हुद्द्यावर आहेत’ असं सांगतोस, तो हुद्दा स्टोअरकीपरचा आहे हे निदान तुझ्यामाझ्यात तरी असू दे. ही संस्था सरकारी कारकुनांना खरेदी शिकवते. पलंग घ्यायचे असोत की पेन्सिली, भाव कसे मागवायचे, टेंडर कसं उघडायचं, आलेला माल कसा पारखून घ्यायचा, हे सगळं तिथे फळ्यावर लिहून शिकवतात. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. आपल्याकडे मंडईतली कुठलीही बाई हे काम वांगी हातात फिरवत शिकवील आणि वर कोथिंबीर फुकट घेईल.) इतकी वर्षं ही शाळा मुशैरिबमधल्या (हा दोह्यातला जुना भाग) भाड्याच्या बंगल्यात भरत होती. आता वरून हुकूम आला, की शिक्षण म्हटलं की ते युनिव्हर्सिटीतच व्हायला हवं. डॉक्टरसाहेबांना, म्हणजे संस्थेच्या मिसरी (इजिप्तच्या) मुख्याध्यापकांना, फार आनंद झाला, कारण आता त्यांना प्रोफेसर म्हणतील. (ते औषध देत नाहीत. मी एकदा खोकल्याचं विचारून बसले होते.) ह्यांना मात्र आनंद झाला नाही. युनिव्हर्सिटीकडे स्वतःचे स्टोअरकीपर आहेत. आपली नमुन्यांची खोली (वर्गात दाखवायचा माल हे जिथे सांभाळतात ती) आणि तिच्यावरचा माणूस ठेवायचा की नाही हे एक कमिटी येऊन ठरवणार होती. नाही म्हटलं तर खलास, व्हिसा संपला, बिऱ्हाड बोटीत.

त्यातच बंगल्याची मुदत संपली आणि नव्या खोलीला अजून दारच बसलेलं नव्हतं. डॉक्टरसाहेब ह्यांना म्हणाले, नमुने पंधरवडाभर तुमच्या घरी ठेवा. शेजारच्या हजराबीचा नवरा अब्बास संस्थेची पिकअप चालवतो (माणसं रत्नागिरीकडची, फार मायाळू), त्याने सगळं सामान आणून आमच्या बाहेरच्या खोलीत रचलं. हे मला एवढंच म्हणाले, “सरकारी ठेव आहे, नीट सांभाळ,” आणि ऑफिसला गेले.

मी गाठोडी सोडून बघितली. दादा, एकही वस्तू धड नाही! ब्लँकेटांच्या कडा उसवलेल्या, शिपायांच्या सदऱ्यांना पाच काजं आणि चार बटणं, किटलीत पाणी ओतलं की तोटीच्या बुडातून ठिबकतंय, खुर्ची एका पायाने लंगडी, आणि तांदळाच्या पोत्यात खडे कोणते नि तांदूळ कोणते ते देवालाच ठाऊक. हजराबी बघायला आली नि म्हणाली, “अगो, ह्याला तर माझ्या कोंबड्यापण तोंड लावायच्या नाहीत!” माझ्या मनात एकच आलं, ह्या भोळ्या माणसाला कोणीतरी भर बाजारात फसवलंय, आणि उद्या कमिटीने हा माल बघितला तर खापर ह्यांच्याच माथ्यावर फुटणार. त्यात आपली आई सांगायची ते तुला आठवत असेल, शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत करू नये, घेतलं त्याहून बरं करून द्यावं. भांड्याला जो नियम, तोच सरकारी ठेवीला.

हे सकाळी जायचे आणि मी मारुतीस्तोत्र म्हणत कामाला लागायची. सगळ्या ब्लँकेटांच्या कडा दुमडून टीप मारली. बटणं लावली. किटली अब्बासकडून झाळून आणली. लंगड्या पायाखाली त्यानेच लाकडाची चकती ठोकली. तांदूळ मी आणि हजराबीने पाखडून निवडला, तर पोतं निम्म्यावर आलं. सरकारचं वजन कमी भरायला नको म्हणून घरचा तांदूळ त्यात ओतला आणि वहीत दानधर्माच्या खात्यावर लिहिला. ह्यांना मुद्दामच काही सांगितलं नाही. उपकार बोलून दाखवला की पुण्य जातं.

परवा अब्बास सगळं युनिव्हर्सिटीत पोचवून आला. नव्या खोलीला दार बसलं होतं, डॉक्टरसाहेबांचा पहिला तास होता आणि समोर निरनिराळ्या खात्यांचे मोठमोठे कारकून बसलेले. मी देवापुढे साखर ठेवली होती. दुपारी हे घरी आले ते पायातले बूटही न काढता आत.

“अंजना, त्या ब्लँकेटांना तू काय केलंस?”

“टीप मारली. उसवली होती ना!”

“अगं, उसवलेली होती म्हणून तर सरकारने ठेवली होती!”

तेव्हा उलगडा झाला, दादा. संस्थेत जो माल ठेवतात तो खोटाच ठेवतात. कारकुनांनी एकेक वस्तू हातात घ्यायची, तिच्यातली खोट ओळखायची आणि माल परत का पाठवावा ते सांगायचं, हाच धडा. वर्षानुवर्षं निरनिराळ्या दुकानदारांनी सरकारच्या गळ्यात मारलेली एकेक लबाडी हे जपून ठेवत होते, आणि मी ती पंधरवड्यात शिवून टाकली. डॉक्टरसाहेबांनी किटलीत पाणी ओतलं, थेंब गळेना. खुर्ची हलवली, हलेना. शेवटी ह्यांचं नाव घेऊन (ते मी लिहीत नाही, तुला ठाऊक आहे) म्हणाले, “मिस्टर अमुक, माझ्या खोटी कुठे गेल्या?” आणि तास सोडून उठून गेले. खोटीच नाहीत तर नमुन्यांची खोली कशाला, आणि खोली नाही तर तिचा राखणदार कशाला?

मी म्हटलं, चूक माझी, निस्तरणारही मीच. काल हजराबीला घेऊन बाजारात गेले. सरळ मागितलं, “भैया, कोई खराब कंबल दिखाओ.” दुकानदार गादीवरून उठून उभाच राहिला. “खराब? बहनजी, किसने बोला? दुश्मन ने बोला होगा!” आणि त्याने आमच्यासमोर ब्लँकेटांचा डोंगर रचला, एकाहून एक सरस. दुसऱ्याने तर कुराणाची शपथ घेतली. हजराबी मला ढोसत म्हणाली, “चल बाय, हा मानूस खरा बोलतो.” एकाचा चेहरा मला जरा लबाड वाटला म्हणून मोठ्या आशेने त्याच्याकडून एक ब्लँकेट घेतलं. घरी उलटंपालटं करून बघितलं तर सोन्यासारखं निघालं. जन्मात पहिल्यांदा फसायला घराबाहेर पडले आणि फसवणारा मिळाला नाही!

असो. प्राक्तनात असेल ते होईल. तू काळजी करू नकोस. कमिटी पौषात यायची आहे, तोवर गजानन काहीतरी वाट दाखवील. वहिनीला नमस्कार, मुलांना गोड पापा, म्हशीची विचारपूस.

तुझी,
अंजना

ता. क. १ – चंद्र दिसला, मोदक खाल्ले, आणि वाटही दिसली. दादा, गजाननाने माझ्या डोळ्यांपुढे तुझं दुकान उभं केलं. रागावू नकोस, मी हे कौतुकानेच लिहिते. पहिल्या धुण्यात रुमाल होणारी चादर, फक्त दुकानात लागणारी बॅटरी, एका कानाचा कुकर, असा माल गिऱ्हाइकाला हसतहसत देणारा माणूस अख्ख्या दोह्यात मला सापडला नाही. तेव्हा ज्या मालाबद्दल लोक परत येऊन भांडले असतील तो सगळा एका पोत्यात भर. अब्बास परवा रजेवर निघतोय, हे पत्र तोच नेऊन टाकेल. पोतं एस.टी.ने चिपळूणला त्याच्या घरी पाठव, येताना तो घेऊन येईल. चांगली वस्तू चुकूनही घालू नकोस. ह्यांना ह्यातलं काही माहीत नाही.

ता. क. २ – पोत्याचे पैसे लावू नकोस. तो माल तुझाही विकला जात नाही हे मला वहिनीने कळवलंय.

ता. क. ३ – अब्बासचं विमान दोन दिवस पुढे गेलं म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. पोतं पाठवू नकोस. कमिटी पौषाची वाट न बघता कालच येऊन गेली. आदल्या दिवशी डॉक्टरसाहेब शांत डोक्याने टेप आणि तराजू घेऊन बसले होते. ब्लँकेटं टीप मारताना चार-चार बोटं आखूड झालेली. सदऱ्यांची बटणं काजांसमोर येतच नाहीत. किटली आता गळत नाही, पण झाळताना तोटीच बुजली, त्यामुळे चहा ओतताही येत नाही. खुर्ची रिकामी असली तर हलत नाही, पण कोणी बसलं की पायाखालची चकती निसटते. आणि पोत्यात दोन जातींचा तांदूळ, वर वजनही जास्त. कमिटी बेहद्द खूश झाली. म्हणाली, इतक्या अस्सल खोटी ठरवूनसुद्धा कोणाला करता यायच्या नाहीत, ही खोली अवश्य ठेवा आणि हा माणूसही ठेवा. ह्यांची नोकरी राहिली. हे काल घरी आले ते दारातूनच हसत. मी त्यांच्याशी अजून बोललेली नाही.

शिवाय डॉक्टरसाहेबांनी विचारलं, हा कारागीर आणखी काम करून देईल का, आणि ह्यांनी मला न विचारता हो म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात नव्याकोऱ्या चादरी घरी येणार आहेत, त्या मी दुरुस्त करायच्या. मी ह्यांना चिठ्ठी लिहून कळवलंय, की मुद्दाम वाईट शिवणं माझ्या धर्मात बसत नाही, मी आपलं माझ्याकडून होईल तितकं उत्तमच शिवीन. ह्यांनी खाली लिहिलं, तेवढं पुरे आहे.